नाटकाची रात्र आणि तुझा ड्राइव्ह

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. काल फोनवर म्हणालास, नाटकाचा व्हिडिओ एडिट करताना टाइमलाइन अडकत अडकत चालते, फुटेजसाठी नवा ड्राइव्हच घेतो. समोर गिऱ्हाईक बसलं होतं म्हणून नीट बोलता आलं नाही. पैसे घालवायच्या आधी हे वाच.

तुझा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. तासाला ४५ जीबी झाले. रात्रभराचं दशावतारी नाटक सहा तासांचं धरलं तर २७० जीबी. दोन कॅमेरे एकदम चालवलेस तरी सेकंदाला २५ मेगाबाइटच लागतात, आणि एवढं तुझा आत्ताचा एसएसडी ड्राइव्ह सहज देतो. खरी मेहनत पडते प्रोसेसरला. तुझा कॅमेरा व्हिडिओ दाबून लहान करतो त्या एच.२६४ पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, बऱ्याच फ्रेममध्ये नुसता बदल नोंदलेला असतो. संकासुर नाचतोय आणि तू मधेच कुठेतरी प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची ती उभी रेघ, नेलास, की आधीची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं उलगडत यावं लागतं.

म्हणून तुझ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, रिझॉल्व्हमध्ये, प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, करून घे. सगळ्या क्लिप निवड, राइट क्लिक कर, ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’. फॉरमॅट डीएनएक्सएचआर ठेव, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. रात्री लावून झोप. एक्स्पोर्ट करताना फक्त ‘यूज प्रॉक्सी मीडिया’वर टिक नाही एवढं बघ.

दुसरं म्हणजे कॅशे, रिझॉल्व्ह काम करताना बनवतं त्या तात्पुरत्या फाइली. तुझी बहुतेक सी ड्राइव्हवरच साचत असणार. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ‘वर्किंग फोल्डर्स’ आहे, तिथून ती कॉम्प्युटरच्या आतल्या दुसऱ्या एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) वळव. फुटेज वेगळ्या ड्राइव्हवर राहू दे. कुठलाही एसएसडी गच्च भरू नकोस, पाचवा हिस्सा तरी मोकळा सोड, नाहीतर लिहिण्याचा वेग पार बसतो.

आणि केबल बघ. फोनच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल बहुतेक वेळा यूएसबी २ चीच असते. तिच्यातून सेकंदाला ४० मेगाबाइटच्या आसपास जातात, म्हणजे तुझ्या एका नाटकाच्या कॉपीला जवळजवळ दोन तास. चांगल्या केबलने तोच एसएसडी ४०० देतो आणि काम अकरा-बारा मिनिटांत उरकतं. मी आठवडाभर ड्राइव्हवर संशय घेत बसलो होतो, दोष केबलचा निघाला.

आता जे सांगायला खरं म्हणजे पत्र लिहायला घेतलं. मागच्या वर्षी एका लग्नाचं फुटेज माझ्या हातून गेलं. कॉपी संपली असं वाटलं, ‘इजेक्ट’ न करता ड्राइव्ह उपसला. ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यात जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिखाण सावरणारी नोंद, नसतं; फोल्डर उघडलं तर रिकामं. कॅमेऱ्याचं कार्ड मी आधीच फॉरमॅट करून, म्हणजे पुसून, बसलो होतो. घाणा भरताना नवरीच्या आजीने म्हटलेल्या ओव्या त्यात होत्या. मुलीच्या वडिलांसमोर उभं राहून ते सांगताना माझी मान वर होत नव्हती. ते काही बोलले नाहीत, चहा घ्या म्हणाले.

तेव्हापासून दोन ड्राइव्हवर कॉपी झाल्याशिवाय, आणि दोन्हीकडे चार-पाच क्लिप शेवटपर्यंत चालवून बघितल्याशिवाय, मी कार्डाला हात लावत नाही. तिसरी कॉपी भावाच्या घरी असते. तू ज्या म्हाताऱ्या कलावंतांना चित्रित करतोयस, त्यांची पुढच्या जत्रेतली रात्र तीच नसणार. पैसे खर्चायचेच असतील तर दुसऱ्या कॉपीसाठी साधी हार्ड डिस्क घे, वेगवान नसली तरी चालेल.

प्रॉक्सी झाल्या की फोन कर. काकूंना नमस्कार.

तुझाच