बाळ आईपाशीच राहू दे

डिचोली

चि. नितीन यास अनेक आशीर्वाद.

सायलीचा कोविडचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला हे सांगताना काल तुझा आवाज पार बसला होता. नववा लागलाय, काळजी वाटणारच. फोनवर सगळं सांगता आलं नाही म्हणून लिहिते.

२०२१ च्या मे महिन्यात मी प्रसूती वॉर्डात ड्युटीवर होते. गरोदर बायकांना तेव्हा लस मिळत नव्हती, ती जुलैत खुली झाली. धडधाकट पोरी बघता बघता ऑक्सिजनवर गेलेल्या मी पाहिल्यात. पोट वर चढलं की फुफ्फुसांना फुलायला जागा उरत नाही, त्यात प्राणवायू जास्त लागतो. काहींचे दिवस भरायच्या आधीच बाळंतपण झालं. काहींची बाळाला पोसणारी वारच खराब झाली आणि बाळ पोटातच दगावलं. आता आजार तेवढा जहाल नाही, सायलीने लसही घेतली आहे. तरी अंगावर काढायचं नाही.

ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपेंट काढायला सांग, आकडा चुकतो. ९५ च्या खाली गेला, बोलताना धाप लागली, छातीत दुखलं, एकच पाय सुजला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, गाडी काढ. तापाला डॉक्टर सांगतील तेवढी पॅरासिटामॉल. दुसरी गोळी मनाने देऊ नकोस. पेज, पाणी भरपूर जाऊ दे.

आता बाळाचं. पोटात असताना लागण क्वचितच होते, आणि दुधातून हा आजार पसरत नाही. तुझी आत्या म्हणते बाळाला वेगळं ठेवून पावडरचं दूध द्या. मुळीच नाही! बाळ आईजवळच ठेवा आणि अंगावरच पाजा, असं जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते आहे. वॉर्डातली एक बाई मला अजून दिसते: नाकावर घट्ट मास्क, साबणाने धुतलेले हात अजून ओले, आणि डोळे मिटूनच चाचपडत ते एवढंसं तोंड छातीला लागलं तशी रडं थांबलं. त्या दुधातून बाळाला आईची प्रतिकारशक्तीही मिळते, नितीन. ती कुणाच्या सांगण्यावरून हिरावून घेऊ नकोस. आत्याशी मी बोलेन.

हॉस्पिटलात आजच फोन करून पॉझिटिव्ह असल्याचं कळव, म्हणजे आयत्या वेळी धावपळ होणार नाही. फाईल पिशवीत वरच ठेव. मी शनिवारी येते.

तुझी आई