सरावातला ग्रेनेड आणि आडोशाची भिंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरावात ग्रेनेड फुटून जवान दगावला की बातमीत 'स्वतःच्या अंगावर झेलला' एवढेच छापून येते. ग्रेनेड किती अंतरावर पडला, फ्यूज (पेटल्यावर ठरलेल्या वेळाने स्फोट घडवणारी वात) किती सेकंदांचा होता, मध्ये भिंत होती का, हे कळल्याखेरीज त्या माणसाने नेमके काय केले ते उमगत नाही.

नाईक किरपा राम यांचे उदाहरण घ्या. 12 सप्टेंबर 1945 रोजी बंगळूर भागातल्या थोंडेभावीला 13 फ्रंटियर फोर्स रायफल्स या पलटणीतल्या त्यांच्या सेक्शनचा (छोट्या तुकडीचा) उघड्या मैदानात फायरिंगचा सराव होता. एका जवानाने रायफलवरून सोडलेला ग्रेनेड जेमतेम आठ यार्डांवर, म्हणजे सात मीटरवर पडला. 'मागे व्हा, आडोसा घ्या' असे ओरडत किरपा राम धावले आणि त्यांनी तो उचलला. फेकण्याआधीच तो हातात फुटला. ते गेले, दोघांचे किरकोळ जखमांवर निभावले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळाले.

त्या काळी 36 नंबरच्या ग्रेनेडला हाताने फेकताना 4 सेकंदांचा, रायफलवरून सोडताना 7 सेकंदांचा फ्यूज असे. रायफलच्या नळीच्या तोंडावरचा कप ग्रेनेडची लिव्हर (फ्यूज रोखून धरणारी पट्टी) दाबून धरतो. कपातून बाहेर पडताच ती सुटते आणि फ्यूज पेटतो. म्हणजे जमिनीवर पडेपर्यंत वेळ सरू लागलेला असतो. ग्रेनेड उडवणारे काडतूस दमट असले की जोर कमी पडतो आणि तो जवळच पडतो.

मैदानात भिंत नव्हती, म्हणून किरपा राम यांच्यापुढे पर्याय नव्हता. हाताने फेकायच्या सरावात मात्र तो असतो, निदान असायला हवा. रिक्रूटच्या हातून ग्रेनेड पायाशी सुटला तर उस्तादाने (प्रशिक्षकाने) तो उचलायचा नाही. पोराला धरून भिंतीपलीकडे ढकलायचे आणि स्वतः त्याच्या मागोमाग पडायचे. चार सेकंदांत वाकून शोधणे आणि फेकणे क्वचितच जमते. चुका बहुधा ठरलेल्या: घामेजलेल्या तळव्यातून लिव्हर निसटणे (आपल्या हवेत तर हमखास), हात मागे नेताना भिंतीवर आपटणे, पिन काढल्यावर भीतीने थिजणे.

गोव्यात बांबोळीच्या लष्करी सिग्नल ट्रेनिंग सेंटरमुळे रिक्रूट आपल्याला नवे नाहीत. आपल्याकडची जांभ्याची जमीन मात्र या सरावाला वाईट, कारण सुटे दगडही ग्रेनेडच्या तुकड्यांसारखे उडतात. ग्रेनेड पडायच्या जागेतले दगड आधी वेचून घ्यावे लागतात. मऊ माती टाकावी, पण फार नको. चिखलात रुतलेला न फुटलेला ग्रेनेड सापडत नाही. सापडला तरी तो हलवायचा नाही. ठरलेला वेळ थांबून एकट्या जाणकाराने जायचे, शेजारी स्फोटक लावून तो जागीच उडवायचा. तोवर रेंजवर दुसरा ग्रेनेड फेकला जात नाही.

आपले,
काही निवृत्त प्रशिक्षक, फोंडा