विषय : सोयाबीनची उगवण न झाल्याबद्दल आणि हेल्पलाइनवर मिळालेल्या उत्तरांबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा व गुणनियंत्रण विभाग

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनवरच्या माणसाने माझा फोन मधेच ठेवला. आता फोन करणार नाही. जे सांगायचं ते या कागदावर सांगते आणि पोचपावती घेते. लॉट नंबर, पक्कं बिल, लेबलचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वावराचे फोटो सोबत आहेत. बियाणं तुमचं आहे, ते कुठे पिकलं, कुठे मळलं, कुठल्या गोदामात किती महिने पडून होतं हे तुमच्या वह्यांत असणार. त्यामुळे बियाण्याची ओळख मी करून देत बसत नाही.

यंदा मृग कोरडाच गेला. आर्द्रात पाऊस धरला, आमच्या मंडळाची नोंद १०० मिलिमीटरच्या वर गेली, ओल खाली चांगली उतरली, तेव्हा पेरणी केली. घाई केली नाही. माझ्या वावराच्या मधून धुरा, म्हणजे बांध, जातो. धुऱ्याच्या पलीकडे घरचं राखलेलं जेएस ३३५ वाणाचं सोयाबीन पेरलं आणि अलीकडे तुमच्या बॅगा. ट्रॅक्टर एकच, पेरणी यंत्र एकच, चालवणारा एकच, दुपार एकच. खत एकाच थप्पीतलं. बियाण्याला लावायचं बुरशीनाशक थायरम तुमच्या बॅगेत निघालेल्या पुडीतलं, त्यावर राइझोबियम जिवाणू, आणि सावलीत सुकवून मगच पेरलं. पेरल्यावर झोडपून पाऊस आला नाही, जमिनीने पापडी धरली नाही.

पलीकडचं घरचं सोयाबीन पाचव्या-सहाव्या दिवशी तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, भरून दिसायला लागलं. अलीकडे तुमचं वावर काळंच. मजुरीला आलेल्या बाया धुऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "इकडं तं काहीच नाई निंगालं वो बाई." दोन झाडांत ५ सेंटिमीटर अंतर धरलं तर मीटरभर तासात २० झाडं दिसायला पाहिजेत. जिथे बरं आहे तिथे सहा-सात सापडली, आणि कित्येक जागी तासच्या तास रिकामं. उकरून पाहिलं तर दाणा ओलीने फुगून सडलेला. काहींच्या डाळी सुटलेल्या. काहींना मोड आला होता, पण शेंडा आतच कुजलेला. खोली बोट घालून मोजली, तीन ते चार सेंटिमीटर. सोयाबीन यापेक्षा वर पेरत नाहीत आणि खालीही पेरत नाहीत.

आता त्या फोनबद्दल.

तुमच्या लेबलवरच्या नंबरवर आधी एक मुलगी बोलली. तिने सगळं लिहून घेतलं आणि "टेक्निकल टीम कॉल करेल" म्हणाली. कॉल आला नाही. पुन्हा मीच केला. परत पहिल्यापासून सगळं सांगितलं. असं होत होत काल एकदाचे तुमचे टेक्निकल साहेब लाइनवर आले. त्यांचा पहिला प्रश्न :

"ताई, घरात कोणी पुरुष माणूस आहे का? त्यांच्याकडे फोन द्या ना. शेतीचं आहे."

मी म्हटलं, सातबारा माझ्या नावावर, बिल माझ्या नावावर, पेरणी मी उभी राहून करून घेतली. बोला.

"नाही, म्हणजे पेरलं कोणी? त्यांच्याशी बोललो असतो तर समजलं असतं. खोल पडलं असेल."

मी म्हटलं, त्याच यंत्राने, त्याच खोलीवर, धुऱ्यापलीकडे घरचं बियाणं पेरलं आणि ते पूर्ण निघालं.

"मग तिकडची जमीन वेगळी असेल."

धुरा दोन हात रुंद आहे, साहेब. जमीन एका धुऱ्याने वेगळी होत नाही.

"पेरायच्या आधी घरी उगवण चाचणी केली होती का? आम्ही शेतकऱ्यांना नेहमी सांगतो."

इथे मात्र माझा आवाज चढला, आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. घरचं बियाणं असेल तर चाचणी माझी, आणि ती मी दर साली करते. ओल्या गोणपाटात १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडून, गुंडाळून ठेवून, निघालेले मोड मोजते. पण कंपनीची बॅग मी विकत घेते ती ही चाचणी कंपनीने केली आहे म्हणूनच. लेबलवर छापलेले आकडे त्याच चाचणीचे आहेत. बाजारात सोयाबीन ज्या भावाने विकलं जातं त्याच्या कितीतरी पट जास्त पैसे मी त्या आकड्यांसाठी मोजले. शिवाय बॅगा कृषी केंद्रात आल्या पेरणीच्या तोंडावर, आणि चाचणीला आठवडा लागतो. आठवडाभर वावराची ओल धरून ठेवायची कशी, ते तुमच्या साहेबांनी सांगितलं नाही.

हे सगळं ऐकून ते म्हणाले, "ताई, टेन्शन घेऊ नका. आमचं एक टॉनिक आहे, ह्युमिकवालं. पंपाला चाळीस एमएल टाकून फवारा. जोम येईल. तुमच्यासाठी डिस्काउंट कूपन पाठवतो."

जे जमिनीतून निघालंच नाही त्याच्यावर फवारायचं काय? तुमच्या पगारी तंत्रज्ञाला हे कळत नसेल तर त्याला त्या खुर्चीवर बसवू नका. कळत असूनही तो बोलला असेल, तर नापिकीच्या धास्तीत असलेल्या बाईला तो आणखी एक बाटली विकत होता. टॉनिकची एक बाटली आधीच माझ्या घरात पडून आहे. तिच्याशिवाय बॅग मिळणार नाही असं कृषी केंद्रात सांगितलं होतं. ती बिलातही लिहिली आहे, पाहून घ्या.

मी विचारलं, वावर पाहायला माणूस कधी पाठवता? त्यावर उत्तर : "आधी उरलेलं बियाणं आम्हाला कुरिअर करा. सॅम्पल नाही तर क्लेम नाही." आणि फोन ठेवला.

उरलेलं बियाणं मी कुरिअर करणार नाही. ते मूळ बॅगेत, लेबलसह, सरपंच आणि कृषी सहायकांच्या सह्यांनी बांधून ठेवलं आहे. त्यातलेच १०० दाणे मी गोणपाटात घातले. चाळीसही नीट निघाले नाहीत. तुमच्या लेबलवर उगवण किमान ७० टक्के छापली आहे, आणि प्रमाणित सोयाबीनसाठी ठरलेली किमान मर्यादाही ७० टक्केच आहे. टपोऱ्या दाण्याचं साल पातळ असतं, मळताना ड्रमचे फेरे जास्त ठेवले की आतला कोंब दुखावतो, पोती आदळली तरी दुखावतो, आणि काढणीच्या वेळी शेंगा पावसात भिजल्या असतील तर उगवण आणखी पडते. हे मी शेतकरी असून जाणते. घरच्या बियाण्याची थप्पी पाचसहा पोत्यांवर मी जाऊ देत नाही. तुमच्या गोदामात थप्प्या किती उंच होत्या? चाचणीची तारीख आणि विक्रीची तारीख यांच्यामध्ये पुन्हा तपासणी झाली का? या दोन प्रश्नांची उत्तरं मला लेखी हवी आहेत.

आणि "सॅम्पल नाही तर क्लेम नाही" हे वाक्य तुमच्या हेल्पलाइनवरून पुन्हा कोणाही शेतकऱ्याला ऐकवू नका. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि पुढे तपासणीला लागेल म्हणून त्याने बियाणं बाजूला काढून ठेवावं अशी अपेक्षा धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच म्हटलं आहे. त्याने सगळंच्या सगळं पेरलेलं असतं, म्हणूनच तर तो बियाणं घेतो. ही गोष्ट तुमच्या कायदा विभागाला ठाऊक असणार. मग साहेबांना कोणी सांगितली नाही?

माझा खर्च नुसत्या बॅगांचा नाही. सोयाबीनच्या मध्ये तुरीचे तास आहेत आणि तूर निघाली आहे. त्यामुळे दुबार पेरणी ट्रॅक्टरने करता येत नाही, तूर मोडेल. पुन्हा बियाणं घेऊन बायांच्या हाताने डोबावं लागलं, तेही दुप्पट मजुरी देऊन, कारण त्याच दिवसांत सगळ्यांनाच मजूर हवे असतात. पहिल्या पेरणीतलं खत गेलं. आणि उशिरा निघालेल्या सोयाबीनला शेंगा भरायच्या वेळी पाऊस नसला की जी तूट येते, ती कोणत्याही बिलात दिसत नाही.

तुमच्या कंपनीची सरकी आमच्या घरी सासऱ्यांच्या काळापासून येते. तुमच्या नावावर माझा भरवसा होता, म्हणूनच अर्ध्या वावरात घरचं बियाणं सोडून तुमचं पेरलं. त्या भरवशाला तुम्ही उत्तर काय दिलं? टॉनिकचं कूपन. वावर बघायला अजूनही तुमचा माणूस आलेला नाही. हे मी पुन्हा लिहिते, कारण फोनवर प्रत्येक वेळी सांगूनही ते कोणी नोंदवलेलं दिसत नाही : वावर बघायला तुमचा एकही माणूस आलेला नाही.

पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे मी लेखी तक्रार दिली आहे. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती पाहणीला येईल तेव्हा तुमचा प्रतिनिधी हजर ठेवा आणि पंचनामा त्याच्यासमोर होऊ द्या. याच लॉटच्या बॅगा कृषी केंद्रात शिल्लक आहेत. बियाणे निरीक्षकांनी त्यांतून नमुना काढून नागपूरच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत पाठवावा, असंही त्या अर्जात लिहिलं आहे. बियाण्याची, खताची, दोन्ही पेरण्यांची रक्कम आणि उत्पन्नातली तूट मला भरून मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, हे मी विचारून आले आहे. आमच्या गावात याच लॉटच्या बॅगा पेरलेली आणखी घरं आहेत. त्यांचीही बिलं गोळा करते आहे.

"घरात पुरुष माणूस आहे का" असं विचारणाऱ्या साहेबांची माफी मला फोनवर नको. कंपनीच्या कागदावर, सहीनिशी हवी.

आणि पैशांचं ठरायला तुम्हाला वेळ लागणार असेल तरी एक काम आजच करा. या लॉटच्या उरलेल्या बॅगा दारव्हा तालुक्यातल्या सगळ्या कृषी केंद्रांमधून उचला. वरच्या भागात पाऊस उशिरा झाला, तिथली वावरं अजून पेरायची आहेत, आणि तिथले लोक काल बाजारात याच बॅगांचा भाव विचारत होते.

आपली ग्राहक,
(नाव, पत्ता, गट क्रमांक सोबतच्या बिलावर व सातबाऱ्यावर)

प्रत : कृषी अधिकारी, पंचायत समिती, तालुका कृषी अधिकारी