पुढच्या सीटवरची वाळू

मॅडिसन, विस्कॉन्सिन
22 ऑक्टोबर 2023

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

उद्या खंडेनवमी. बाबा, तुम्ही रंधे, पटाश्या, करवत पुसून पाटावर मांडाल आणि आई त्यांना झेंडू वाहील. मीही इथे माझी हत्यारं मांडणार आहे. त्यांच्या शेजारी जी वस्तू उभी असेल, तिच्याबद्दल मी तुम्हाला पाच वर्षांहून जास्त काळ काही बोलले नाही. ते विमान आहे. मी माझ्या हातानं बांधलेलं, लाकडाचं, वरून कापड ताणून मढवलेलं. दोन माणसं एकामागे एक बसतात, डोक्यावर काच नाही, छप्पर नाही. ते उडतं. जूनपासून मी त्यातून 41 तास उडाले आहे.

आई, पत्र खाली ठेवू नकोस. पुढचं वाच.

2015 साली मी पायलटचं लायसन काढायला घेतलं तेव्हा तू पंधरा दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. म्हणून या वेळी सांगायचा धीर झाला नाही. रविवारच्या फोनवर तू विचारायचीस, "हातावर कसले गं डाग?" आणि मी म्हणायचे, घराला रंग देतेय. ते खोटं होतं. 2018 च्या जानेवारीपासून माझ्या गॅरेजमध्ये गाडी उभी राहिलेली नाही. मला या खोट्याचं ओझं झालं आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच ठेवला असतास, म्हणून हे पत्र हातानं लिहून पोस्टानं पाठवतेय. दिवाळीपर्यंत तासगावला पोचेल.

विमानाचं नाव आहे पीटनपोल एअर कॅम्पर. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल नावाचा मेकॅनिक होता. विमानशास्त्र कुठल्या कॉलेजात शिकलेला नव्हता. त्यानं फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं 40 हॉर्सपॉवरचं इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवलं आणि 1929 साली ते उडवून दाखवलं. शेतकऱ्याला, गॅरेजवाल्याला घरच्या घरी बांधता यावं, हाच त्याचा हेतू होता. 1932 साली त्याचे आराखडे छापून आले, आणि तेव्हापासून लोक ते बांधताहेत. इथून तासाभरावर ब्रॉडहेड नावाचं गाव आहे, तिथे गवताच्या धावपट्ट्या आहेत, आणि दर जुलैत ही विमानं तिथे जमतात. 2017 साली मी सहज बघायला गेले होते. एका पंखाखाली वाकून पाहिलं, तर सगळं सुतारकाम! तिरके सांधे, गुण्यात बसवलेले कोपरे, पातळ प्लायच्या तिकोनी पट्ट्या. मला आपल्या पडवीतला वास आला, बाबा. मी तिथेच ठरवलं.

तुम्ही आठवी-नववीत मला लाकूड बघायला शिकवलंत ते आठवतं? बैलगाडीच्या चाकाला बाभूळ, दाराला सागवान. आणि कुठलंही असलं तरी आधी टोक बघायचं, रेषा कुठे पळताहेत ते बघायचं, मग हात लावायचा. इथे विमानाला सिटका स्प्रूस वापरतात. वजनाला हलकं, पण ताकदीला चिवट. त्याचा नियम असा की 15 इंच लांबीत रेषा एका इंचापेक्षा जास्त तिरकी जाता कामा नये, आणि टोकाला इंचात निदान सहा वर्तुळं दिसली पाहिजेत. मी पंखाच्या मुख्य वाशासाठी आलेल्या फळ्यांतली एक परत पाठवली. रेषा ठीक होत्या, गाठ नव्हती, पण एका जागी आडवी बारीक सुरकुती होती, झाड वाऱ्यात वाकून आतून दबलेलं असतं तशी. तुम्ही नखानं चाचपून दाखवायचात, तशी मला ती नखालाच कळली.

पंख 29 फुटांचा. त्यात तीसेक फासळ्या. फळीवर खिळ्यांचा साचा केला, त्यात पाव इंच बाय अर्धा इंच अशा काड्या वाफवून वाकवायच्या, सांध्याला डिंक, दोन्ही बाजूंनी प्लायची तिकोनी. रोज रात्री ऑफिसातून आल्यावर निदान एक फासळी. डिंक म्हणजे एपॉक्सी, दोन भाग ठरलेल्या प्रमाणात मिसळायचे. प्रत्येक मिश्रणाचा एक नमुना जोडून, तारीख घालून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी हातोडीनं तोडायचा. तुम्ही सांगायचात, सांधा तुटायचाच असेल तर शेजारचं लाकूड फाटलं पाहिजे, डिंक सुटता कामा नये. बाविसाव्या फासळीच्या वेळी नमुना सुटला. डिंक सोलून निघाला, लाकडाला काही चिकटलंच नव्हतं. मी थकलेली होते, माप अंदाजानं घेतलं होतं. त्याच वाटीतल्या डिंकानं तीन फासळ्या जोडल्या होत्या, आणि दिसायला त्या बाकीच्यांसारख्याच होत्या, कुणाला कळलं नसतं. मी तिन्ही करवतीनं कापून शेकोटीत घातल्या. त्यानंतर एकही मिश्रण काट्यावर तोलल्याशिवाय केलं नाही. हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. माझी चूक झाली होती हेही कळावं, आणि ती विमानात गेली नाही हेही.

आई, आता तुझं काम. सांगाड्यावर पॉलिस्टर कापड चढवतात. आधी डिंकानं कडा चिकटवायच्या, मग इस्त्रीनं आवळायचं. हो, घरातली साधी इस्त्री, फक्त तिचं तापमान थर्मामीटरनं मोजून घ्यायचं. पहिल्यांदा 120 अंश सेल्सिअसच्या आसपास, शेवटी 175 च्या. तेवढ्यात ढिलं कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं. तापमान जास्त झालं तर कापड कमजोर होतं, म्हणून मी घाई केली नाही. मग प्रत्येक फासळीला कापड शिवायचं असतं. फूटभर लांबीचं दाभण, मेण लावलेला दोरा, वरच्या कापडातून खालच्या कापडात, फासळीला वळसा घालून परत वर, प्रत्येक टाक्याला गाठ. प्रॉपेलरच्या वाऱ्यात येणाऱ्या भागात टाके जवळजवळ. इथली एक बाई शिकवायला आली होती. तिनं दोन टाके बघितले आणि विचारलं, हे आधी कुठे शिकलीस? मी म्हटलं, माझी आई वाकळी शिवते. शेकडो टाके घातले मी. दोरा ओढताना तू करंगळीला वळसा देतेस, तसाच देत होते.

इंजिन मात्र फोर्डचं नाही. कॉन्टिनेन्टल ए-65 आहे, 65 हॉर्सपॉवर, हवेनं थंड होणारं, पूर्ण खोलून दुरुस्त केलेलं. बॅटरी नाही, स्टार्टर नाही. प्रॉपेलर हातानं फिरवून चालू करावं लागतं. ठिणगीसाठी दोन वेगळे मॅग्नेटो आहेत, एक गेला तर दुसरा चालतो. पेट्रोलचा पंप नाही. टाकी वर, इंजिन खाली, पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. म्हणून नाक वर करून, नळी सोडून, घड्याळ लावून डब्यात पेट्रोल मोजलं. इंजिन जास्तीत जास्त जेवढं पितं त्याच्या दीडपट यायला हवं. आलं. नंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं.

रिकामं वजन 290 किलो भरलं, दोन बुलेट मोटारसायकलींपेक्षा कमी. पाच वर्षांत एका साध्या नव्या गाडीपेक्षा कमी पैसा लागला, तोही थोडा थोडा करून. कर्ज काढलेलं नाही, बाबा.

कायद्यानं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असावं लागतं. मी प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि तारखा लिहून ठेवल्या. कापड चढवण्याआधी उघडा सांगाडा अनुभवी लोकांना तीनदा दाखवला, कारण नंतर आतलं दिसत नाही. शेवटी एफएएच्या, म्हणजे इथल्या सरकारी विमान खात्याच्या, तपासनिसानं दिवसभर बघून परवाना दिला. पायलटच्या जागेजवळ मोठ्या अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' लिहावं लागतं, आणि प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते, की हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि कारखान्यातल्या विमानांचे सुरक्षेचे नियम याला लागू झालेले नाहीत. ती पाटी मी लपवणार नाही. धोका आहे. तो मोजून, कमी करून मी उडते. वारा जास्त असला की उडत नाही. इंजिन बंद पडलं तर काय, याचा सराव दर आठवड्याला करते. हे विमान इतक्या कमी वेगानं उतरतं की खाली कापलेलं शेत असलं तरी पुरतं. शिरस्त्राण असतं, खांद्यावरून पट्टे असतात.

17 जून, शनिवार. सकाळचे सहा वाजायला आले होते. गवतावर दव, वारा नाही. इथले एक ऐंशी वर्षांचे शेतकरी आजोबा माझे गुरू आहेत, त्यांनी प्रॉपेलरला हात घातला. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. जमिनीवर असताना नाक वर असतं, समोरचं काही दिसत नाही, म्हणून नागमोडी चालवत पट्टीच्या टोकाला गेले. थ्रॉटल पुढे केला, शेपूट उठली, आणि ताशी सत्तरेक किलोमीटरला चाकांचा आवाज थांबला.

आवाज थांबला एवढंच कळलं. मग वारा. काच छातीपुरती, त्यामुळे कानशिलांवर वाऱ्याची धार. दीड-दोन हजार फुटांवर गेले, धावपट्टी डोळ्यांआड होऊ दिली नाही, गोल गोल फिरत राहिले. डावा पंख थोडा जड वाटत होता, विमान वळवायचा दांडा सतत उजवीकडे धरावा लागत होता. ऑइलचं तापमान, दाब, वेग, उंची, होकायंत्र. पाच घड्याळं, तीच बघत होते. दहा मिनिटांनी पहिल्यांदा बाहेर बघितलं. खाली कुणीतरी आदल्या दिवशी गवत कापलं होतं, त्याचा वास वर आला. बंद विमानातून मी इतकी वर्षं प्रवास केला, पण जमिनीचा वास वर येतो हे मला माहीत नव्हतं. गोठ्याचाही येतो. मका वेगळा कळतो.

पंचवीस मिनिटांनी उतरले. एक उडी बसली, मग चाकं टेकली. आजोबांनी विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, डावा पंख जड आहे. मग रडायला आलं. पंखाच्या आधाराच्या काठीची लांबी दोन आटे फिरवून बदलली, आता दांडा सोडला तरी सरळ जातं.

बाबा, आता खरं सांगायचं ते.

पहिले 40 तास मला प्रवासी न्यायला परवानगी नव्हती. त्या तासांत पूर्ण वजनालाही तपासावं लागतं. पुढची सीट पंखाखाली, विमानाच्या तोलाच्या जागी असते. म्हणून एकटा पायलट मागे बसतो आणि पुढे माणूस आला तरी तोल फार ढळत नाही. पण ते गणित प्रत्यक्षात पडताळावं लागतं. ऑगस्टमध्ये मी पुढच्या सीटवर वाळूच्या पिशव्या पट्ट्यानं आवळून बांधल्या. किती घालू, हे आजोबांनी विचारलं. मी म्हटलं, 68 किलो. मागच्या वेळी मिरजेच्या डॉक्टरांकडे तुमचं भरलं होतं तेवढं. तुमच्या वजनाची वाळू घेऊन मी सात वेळा उडाले, वळले, वेग कमी करून बघितला, उतरले.

आणि अजून एक. आराखड्यात पुढच्या सीटला दार नाही. तारा आणि काठ्यांमधून पाय टाकून, वाकून आत शिरावं लागतं. 2020 साली तुमच्या गुडघ्याचं ऐकलं, तेव्हा सांगाडा उघडाच होता. उजव्या बाजूला दार कापायचं तर वरचा लांब वासा तोडावा लागतो, म्हणून खालून दुसरा वासा दिला, कोपऱ्यांत लोखंडी पट्ट्या दिल्या, तेवढ्यानं तीन महिने काम लांबलं. तुम्हाला त्या वेळी मी विमानाचं सांगितलंही नव्हतं. पण दार तेव्हाच केलं. बिजागऱ्या पितळी पियानो पद्धतीच्या, तुम्ही संदुकीला लावायचात तशा.

2016 साली कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान मुंबईच्या प्रदर्शनात मांडलं होतं. तुम्ही त्या कात्रणाचा फोटो मला पाठवला होतात, खाली लिहिलं होतंत, "गच्चीवर. माणसानं हातानं." ते मी गॅरेजच्या भिंतीला लावलं आहे.

तुम्ही दोघं मे महिन्यात येणार आहात. मी हट्ट करणार नाही. आधी हँगरमध्ये या, बाबा, सांधे बघा, टकटक करून बघा, जिथे शंका येईल तिथे बोट ठेवा. तुम्ही "नको" म्हणालात तर पुढची सीट रिकामी राहील. आई, तू उडायचं नाहीस तर खुर्ची टाकून धावपट्टीच्या कडेला बस. मी पट्टी नजरेआड जाऊ देणार नाही. आणि टाके मात्र तू बघायचेस, डाव्या पंखाच्या खालच्या बाजूचे. तिथे दोन गाठी मला नीट जमलेल्या नाहीत असं वाटतं. त्या पक्क्या आहेत, पण दिसायला तुझ्यासारख्या नाहीत.

एवढं कर. शिवणाची टेप घे, बाबांना लाकडी खुर्चीत पाठ टेकून ताठ बसव, आणि बुडापासून खांद्यापर्यंतचं आणि बुडापासून डोक्यापर्यंतचं माप इंचात लिहून पाठव. खांद्याचे पट्टे त्यावरून बांधायचे आहेत. त्यांचं वजनही एकदा करून घे. 68 च आहे का कमी झालं, ते कळव; मी वाळू तेवढी काढून किंवा घालून पुन्हा एकदा उडून बघते.

तुमची,
मनू