आधी सूत घराबाहेर पडलं

ती. आई-बाबांस, सा. न. वि. वि.

बाबा, इंग्लंडातले विणकर घरचा माग सोडून गिरणीत का गेले, असं तुम्ही विचारलंत. विणकर बऱ्याच उशिरा गेले. आधी सूत गेलं.

व्यापारी घरपोच कापूस देई. मुलं तो पिंजत, बायका कातत, पुरुष विणत. 1733 मध्ये जॉन के याचा धावता धोटा (आडवा धागा झटकन आरपार नेणारं मागाचं साधन) आला, विणायचा वेग वाढला आणि सूत पुरेना. 1764 च्या सुमारास हारग्रीव्ह्जने जेनी हे सूतकताईचं यंत्र काढलं. सुरुवातीला आठ चात्या (सूत गुंडाळलं जातं त्या फिरत्या काड्या), हाताने फिरवायची, घरात मावणारी. पण तिचं सूत कच्चं, बाण्यापुरतंच, म्हणजे कापडाच्या आडव्या धाग्यांपुरतं. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा सतत ताणात असतो, मागाच्या फणीत घासतो. तिथे कच्चं सूत तटतट तुटतं. म्हणून ताण्याला लिनन, म्हणजे जवसाच्या तंतूंचं सूत, वापरत.

ही अडचण आर्कराइटच्या 1769 च्या वॉटर फ्रेम या कताईयंत्राने सोडवली. तिच्यात रुळांच्या जोड्या असतात. पुढची जोडी मागचीपेक्षा जोरात फिरते, त्यामुळे पेळू (पिंजलेल्या कापसाची सैल वात) ओढला जाऊन बारीक होतो आणि मग त्याला पीळ बसतो. सगळी मेख दोन जोड्यांमधल्या अंतरात आहे. ते तंतूच्या लांबीहून किंचित जास्त हवं. कमी पडलं तर एकच तंतू दोन्हीकडे पकडला जाऊन तुटतो. फार वाढलं तर मधले तंतू सुटे राहतात आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक येतं.

या यंत्राला पाणचक्कीचा जोर लागे, आणि नदी काही घरात आणता येत नाही. 1771 मध्ये इंग्लंडातल्या क्रॉमफर्ड गावी नदीकाठी त्याची गिरणी उभी राहिली. तिथे बारा-बारा तासांच्या पाळ्या, रात्रीसुद्धा. कामाला बरीचशी मुलंच.

माग मात्र घरीच राहिले. कार्टराइटचा यंत्रमाग 1785 चा, पण ताण्याला खळ लावायला तो सारखा थांबवावा लागे. खळ लावायचं यंत्र 1803 च्या सुमारास आलं. तोवर स्वस्त सुतामुळे हातमागवाल्यांना बरे दिवस होते. पुढे त्यांची मजुरी कोसळली.

आई, घरी होते म्हणून सुखी होते असं समजू नकोस. लेकरं तिथेही राबत. पण सोमवारी सुट्टी घेऊन शुक्रवारी रात्र जागवायची मुभा होती. गिरणीच्या घंटेने ती काढून घेतली, उशिराला दंड. मला हे सगळ्यात जास्त लागतं.

1833 च्या कायद्याने रेशमाच्या सोडून सगळ्या कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी झाली, तेराच्या आतल्यांना आठवड्याला जास्तीत जास्त 48 तास काम. निरीक्षक नेमले, ते साऱ्या देशाला मिळून चार.

कळावे,
तुमची लेक