रिकामा ठेवलेला चौकोन

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव या पत्रात लिहिलेले नाही. ज्या संस्थेत तुम्ही माझ्या आईची देखभाल केलीत, तेथे नाव छापल्यास उगाच चर्चा होईल, असे तुम्हीच म्हणाला होता आणि ते मला पटले. पत्र मराठीत आहे आणि तुमचे शिक्षण कन्नडमधून झाले आहे. पण तुमच्या मुलीला शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी वाचता येते, तेव्हा ती तुम्हाला हे वाचून दाखवील, अशी माझी खात्री आहे. पत्र जाहीर लिहिण्याचे कारण असे की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या कितीतरी घरांत अंथरुणाला खिळलेल्या आई-वडिलांना कोठे ठेवायचे, ही गोष्ट दार लावून, दबक्या आवाजात बोलली जाते. चांगली देखभाल कशी ओळखायची, हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही. मलाही ते कोणी सांगितले नव्हते.

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा तिचे वय 81 होते. उजवी बाजू गेली, बोलणे तुटक झाले आणि काही महिन्यांतच स्मृतीही विरळ होत गेली. भाऊ पुण्यात, मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर, आणि वडगावातल्या आमच्या घरात माग बंद पडल्यापासून दुसरे माणूस उरलेले नव्हते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की लोकांना चार-दोन खाटांचा खासगी दवाखाना आठवतो. दवाखान्यातून सोडल्यावर पुढची वर्षे जेथे काढायची, त्या जागेला नीट शब्दही नाही. वृद्धाश्रम म्हटले की नातेवाईक आपल्याकडे अशा नजरेने पाहतात की जणू आईला आपण रस्त्यावरच सोडले आहे.

आईला आधी ज्या संस्थेत ठेवले होते, तिचे नाव मी घेत नाही. रविवारी चार ते सहा ही भेटीची वेळ होती. आम्ही जात असू तेव्हा चादर नवी असे, फरशीला फिनेलचा वास येत असे, आईच्या कपाळाला कुंकू आणि मानेला भरपूर पावडर लावलेली असे. आम्ही समाधानाने परतत होतो. पुढे तिला ताप आला आणि छाती तपासण्यासाठी डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवले, तेव्हा माकडहाडावरची जखम आम्हाला दिसली. रुपयाच्या नाण्याहून मोठी, आणि तिच्याभोवती तीच पावडर थापलेली. मी फाइल मागितली. फाइलमध्ये रोजची नोंद होती, एकही दिवस चुकलेला नव्हता, प्रत्येक रकान्यात ‘स्थिती समाधानकारक’ असे लिहिले होते, आणि सगळ्या महिन्याचे अक्षर, शाई, तिरकेपणा इतका एकसारखा होता की वर्गात गृहपाठाच्या वह्या तपासणाऱ्या बाईला तो एका बैठकीत लिहिलेला आहे हे कळायला वेळ लागला नाही. कळले ते मात्र जखम झाल्यावर.

त्यानंतर आई तुमच्या हाती आली. पहिल्या संध्याकाळी मी पिशवीतून तिच्या साड्या, जपमाळ, फोटो काढू लागले, तेव्हा तुम्ही म्हणालात, “ते असू दे बाई, आधी पाठ बघू.” माझ्यासमोर तुम्ही जखम पुसली, ड्रेसिंगच्या निर्जंतुक पाकिटाची पारदर्शक बाजू तिच्यावर अलगद धरली आणि पेनाने तिची कड गिरवली. खाली तारीख घातली आणि त्यावर माझी सही घेतली. मला तो अविश्वास वाटला. तुमचे म्हणणे साधे होते: केवढी होती ते आज दोघींनी बघून ठेवले, तर वाढली की कमी झाली यावर उद्या वाद होणार नाही. दर आठवड्याला तुम्ही तशीच आकृती काढलीत. त्या नऊ आकृत्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पहिली आंब्याच्या कोयीसारखी आहे, सातवी तांदळाच्या दाण्याएवढी, आणि नववीत नुसती तारीख आहे, कारण गिरवायला काही उरले नव्हते.

ती जखम मलमाने भरली असे मी लोकांना सांगत होते. मलम होतेच, पण ती खरी भरली ती कूस बदलल्यामुळे. एकाच जागी शरीराचा भार पडून राहिला की तेथला रक्तपुरवठा दबतो आणि कातडी आतून मरू लागते, म्हणून दर दोन तासांनी माणसाला वळवायचे, हे तुम्ही मला शिकवले. दिवसाचे बारा चौकोन आखलेली ती वही आईच्या खाटेला सुतळीने बांधलेली असे. डाव्या कुशीसाठी कन्नडमधला ‘ए’, म्हणजे एड. उजव्या कुशीसाठी ‘ब’, म्हणजे बल. आणि पाठीवर असेल तेव्हा आडवी रेघ. वळवताना तुम्ही तिला ओढत नव्हता, खालच्या चादरीसकट दोघींनी उचलत होता, कारण ओढल्यानेही कातडी सोलते. पातळ पाण्याने तिला ठसका लागतो पण दाट पेजेने लागत नाही, हेही तुम्हीच हेरले. जेवणानंतर अर्धा तास तिला टेकून बसवल्याशिवाय तुम्ही आडवी करत नव्हता, मग मागे कितीही कामे खोळंबलेली असोत.

आईने आयुष्यभर बाजारात कन्नड बोलून भाव केला होता. आजारात ती भाषा तिच्यातून पार निघून गेली आणि वडगावची मराठी तेवढी उरली. तुम्हाला मराठी येत होती हे आमचे नशीब. परंतु संध्याकाळी ती बेचैन होऊन डाव्या हाताने हवेत गोल गोल काहीतरी फिरवत असे, ते कोणत्याच भाषेत नव्हते. डॉक्टरांनी त्यासाठी गोळी वाढवली होती. तुम्ही सुळेभावीच्या, तुमच्या घरी माग, तुम्ही एका नजरेत म्हणालात, “अज्जी कांड्या भरायलीय,” म्हणजे मागासाठी कांडीवर सूत गुंडाळतेय. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून सुताचा गुंडा आणि एक रिकामी कांडी आणलीत. ती धड भरली कधीच नाही, पण दिवेलागणीची तिची ओरड थांबली. मी तिची मुलगी, त्याच मागाच्या खटखटाटात वाढलेली, आणि मला ते ओळखू आले नव्हते, याची लाज मला आजही वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र आहे, तिच्याकडे येते. पावसाळ्यात एका पहाटे सहाला तुमचा फोन आला. आईच्या डाव्या टाचेवर लाल डाग आला आहे, बोटाने दाबला तरी तो पांढरा होत नाही, म्हणजे तेथे इजा सुरू झाली आहे, येऊन बघून जा, असे तुम्ही सांगितले. मी पहिल्या बसने आले आणि आल्या आल्या तुमच्यावर आवाज चढवला. पहिल्या संस्थेवरचा सगळा राग मी त्या सकाळी तुमच्यावर काढला. तक्रार करीन असे म्हणाले. तुम्ही ऑफिसच्या भिंतीकडे हात केलात. ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनचा 14567 हा क्रमांक तेथे चिकटवलेला होता, आणि तो तुम्हीच चिकटवला होता हे मला पुढे कळले. मग तुम्ही वही उघडलीत. रात्री दोनचा चौकोन रिकामा होता. त्या रात्री एक आया आली नव्हती, बावीस जणांना तुम्ही दोघीच होता, एकाला उलट्या सुरू झाल्या आणि आईची पाळी चुकली. “चूक झाली, म्हणूनच तर फोन केला, बाई,” एवढेच तुम्ही बोललात.

अक्का, त्या रिकाम्या चौकोनात ‘ए’ लिहायला तुम्हाला एक क्षण लागला असता. मला कधीच कळले नसते. व्यवस्थापकांनी तुम्हाला त्यावरून बोल लावले, हेही मला माहीत आहे. तेव्हा मी तुमच्या बाजूने एक शब्द बोलले नाही. त्याबद्दल या पत्रात तुमची क्षमा मागते. परतीच्या बसमध्ये माझ्या ध्यानात आले की आधीच्या संस्थेच्या फाइलीत एकही चौकोन रिकामा नव्हता. आईच्या पोटरीखाली उशी देऊन तुम्ही टाच अधांतरी ठेवलीत, आणि दहा-बारा दिवसांत तो डाग गेला.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 साली झाला. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जणांची सोय असलेला निदान एक वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद त्यात आहे, आणि तेथील सेवांचा दर्जा ठरवण्याचे काम राज्य सरकारकडे सोपवले आहे. तो मी शाळेच्या वाचनालयात बसून वाचला. खाटांचा आकडा कलमातच दिला आहे. रात्री दोन वाजता किती हात हजर असावेत, याचा आकडा मात्र त्या कलमात नाही. तुमच्या बारा तासांच्या पाळीला जो पगार मिळतो, तो येथे लिहिण्याजोगा नाही. म्हणून कोणी मला विचारले, की संस्था निवडताना काय बघू, तर मी दोनच गोष्टी सांगते: सांगून न येता रात्री नऊनंतर जा, आणि नोंदवही मागा; ती फारच नीटनेटकी असेल तर जपून राहा.

कार्तिकात आई गेली. तिला आम्ही वडगावला घरी आणले. अंघोळ घालताना गल्लीतल्या बायकांनी तिला कुशीवर वळवले. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, कारण त्या पाठीवर काय दिसेल याची धास्ती मागच्या वर्षापासून माझ्यात बसली होती. थोरली काकू म्हणाली, “पाठ बघ गे, लहान पोरीसारखी.” मग मी वळले आणि पाहिले. माकडहाडाजवळ एक फिकट, गुळगुळीत वण होता, बाकी सगळी कातडी धड होती.

आईची वही तुम्ही मला आठवण म्हणून दिली होती. तिची भरलेली पाने मी काढून घेतली आहेत. उरलेली वही या पत्रासोबत परत पाठवत आहे. सगळ्या कोऱ्या पानांवर मी पट्टी धरून दिवसाचे बारा चौकोन आखून ठेवले आहेत, आणि सुतळी नवी लावली आहे.

तुमची कृतज्ञ,
वडगावच्या अज्जीची मुलगी