तांब्याच्या नाण्यांना लिंबू लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत जुनी नाणी मांडून बसलेल्या एका विक्रेत्याने माझ्यासमोर एक हिरवट नाणे लिंबाच्या फोडीने घासून लखलखीत केले आणि ‘शिवराई घ्या’ म्हणत हातावर ठेवले. ती शिवराई नव्हती. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे असतात. या नाण्यावर सोंड उंचावलेला हत्ती होता आणि मागे अधिकाच्या खुणेच्या चारही टोकांना वर्तुळे असलेले उज्जैन चिन्ह, म्हणजे नाणे सातवाहनांचे असावे. अशा नाण्यांवर कडेने ब्राह्मी लिपीत राजाचे नाव असते, तेही ‘सिरि सातकणिस’ म्हणजे ‘श्री सातकर्णीचे’ अशा प्राकृत षष्ठीत. नेमकी तीच कड घासून गुळगुळीत झाली होती.

तांब्यावर शतकानुशतके साचलेला घट्ट हिरवा थर हा मळ नव्हे. बहुतेकदा अक्षरांचे उठाव त्या थरातच टिकून असतात. चिंच, लिंबू किंवा राख लावली की तो जातो आणि त्याबरोबर राजाचे नावही जाते. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ती मात्र धातू खाणारी कीड समजावी आणि नाणे जाणकाराला दाखवावे. घरगुती उपाय तिथेही नकोतच.

त्याहून मोठे नुकसान नाणे कोठे सापडले याचा पत्ता हरवल्याने होते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 साली सापडलेला चांदीच्या नाण्यांचा साठा एकत्र पाहता आला, म्हणूनच क्षत्रप राजा नहपानाच्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारल्याचे कळले. तांब्याच्या सुट्या नाण्यांच्या नशिबी हे क्वचितच येते. एरवी बाजारहाटाची, किरकोळ देवघेवीची साक्ष सोन्यापेक्षा तीच अधिक देतात. प्राचीन तगर, म्हणजे आजचे तेर, आपल्यापासून दूर नाही आणि तेथील लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन वस्तू पाहता येतात. तरीही नांगरताना वर आलेले नाणे आपल्याकडे मोडीत जाते. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, हे किती शेतकऱ्यांना कोणी सांगितले आहे? तलाठी कार्यालयाच्या फलकावर एवढी एक सूचना लावली, तरी पुष्कळ काम होईल.

त्या विक्रेत्याला नाणे कोठले म्हणून विचारले, तेव्हा ‘एका शेतातले’ एवढेच उत्तर मिळाले.

आपला,
एक वाचक, सोलापूर